3 तासांची थेरपी आणि उरलेले 21 तास: पुण्यात रिहॅब सेंटर निवडताना

फोनवर 'रिहॅब सेंटर पुणे' असं शोधलं की व्यसनमुक्ती केंद्र, वृद्धाश्रम, अंथरुणाला खिळलेल्यांना ठेवून घेणारं शुश्रूषागृह आणि पेशंटला खरोखर उठायला, गिळायला, चालायला शिकवणारं पुनर्वसन केंद्र, सगळी एकाच यादीत येतात. पाटी सगळ्यांचीच 'रिहॅब'. त्यात हॉस्पिटलमधून संध्याकाळी निरोप येतो, "उद्या डिस्चार्ज आहे, घरी नेताय की सेंटरला?" मग रात्री अकरा वाजता घरातले तिघं तीन फोनवरून चौकश्या करत बसतात, आणि जिथे बेड रिकामा असेल तिथे पेशंट जातो. हे टाळायचं असेल तर पेशंट आयसीयूतून वॉर्डात आला त्याच दिवशी शोध सुरू करा. चार दिवस हाताशी असले तर दोन-तीन जागा स्वतः जाऊन बघता येतात, आणि बघितल्याशिवाय यातलं काहीच कळत नाही.

आधी गरज आहे का ते बघू. एका गुडघ्याचं सांधेबदल, लिगामेंटचं ऑपरेशन, मनगटाचं फ्रॅक्चर, अशा बहुतेक पेशंटना ॲडमिट राहून रिहॅब लागत नाही. घरी येणारा चांगला फिजिओ आणि नियमाने केलेला व्यायाम पुरतो. ज्यांना खरंच लागतं ते वेगळे: पक्षाघात झालेले, डोक्याला मार लागलेले, मणक्याला इजा झालेले, अपघातात दोन-तीन हाडं एकदम मोडलेले, पाय कापावा लागलेले, महिनाभर व्हेंटिलेटरवर राहून अंगातली ताकद गेलेले, आणि आधीच अशक्त असताना खुब्याचं हाड मोडलेले आजी-आजोबा. जानेवारी 2025 मध्ये किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची (गुलियन-बारे सिंड्रोम, ज्यात नसांना इजा होऊन हातपाय लुळे पडतात) साथ आली. हा आजार त्याआधी नावानेही माहीत नसलेल्या घरांना तेव्हा कळलं की जीव वाचल्यावर पुढचे काही महिने वेगळीच लढाई असते. कधी कधी घरच निर्णय घेतं. दोन्ही गुडघे एकदम बदललेत, घरी एकट्याच राहतात आणि पेठेतल्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसरा मजला आहे, तर दोन आठवडे सेंटरमध्ये काढणं शहाणपणाचं.

अमेरिकेत ॲडमिट राहून करायच्या रिहॅबसाठी दिवसाला 3 तास थेरपी, आठवड्यातून 5 दिवस, असा दंडक आहे. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनेही 2023 मध्ये पक्षाघाताच्या पेशंटसाठी हेच प्रमाण सांगितलं, पेशंटला झेपत असेल तर. आपल्याकडची सेंटरंही माहितीपत्रकात 3 तास, 4 तास लिहितात. ते तास कसे मोजले हे विचारा. शेक देणं, स्टिम्युलेशनची मशीन लावून ठेवणं, हात पुलीला अडकवून सोडून देणं, याला उपचार म्हणता येईल, पण मोजायचा तास तो, ज्यात पेशंट स्वतः मेहनत करतोय आणि थेरपिस्टचं लक्ष आणि हात त्याच्याकडे आहेत. आठवड्याचं छापील वेळापत्रक मागा: कोणत्या वेळी फिजिओ, कोणत्या वेळी ऑक्युपेशनल थेरपिस्ट (जेवण, कपडे, अंघोळ अशी रोजची कामं पुन्हा शिकवणारा), कोणत्या वेळी स्पीच थेरपिस्ट (बोलणं आणि गिळणं शिकवणारा), रविवारी काय. "सगळं चालू असतं हो" एवढंच उत्तर मिळालं तर वेळापत्रक नाही असं समजा. एका वेळी एका थेरपिस्टकडे किती पेशंट असतात तेही विचारा. पाच जणांना एकदम व्यायाम सांगणारा फिजिओ एकाचाही तोल सांभाळू शकत नाही.

तरीही माझ्या मते सेंटरची खरी परीक्षा उरलेल्या 21 तासांत असते. सकाळी जिममध्ये दहा पावलं टाकलेल्या माणसाला दुपारी दोनपासून रात्रीपर्यंत पाठीवर झोपवून ठेवलं, लघवीसाठी उठवायचा कंटाळा म्हणून डायपर बांधला, भरवायची घाई म्हणून आडवं ठेवूनच पेज पाजली, तर सकाळची कमाई संध्याकाळी गेली. म्हणून सेंटर दोनदा बघा: एकदा सकाळी अकराच्या सुमारास थेरपी चालू असताना, आणि एकदा रात्री आठनंतर, शक्यतो रविवारी. रात्री येऊ देत नाहीत म्हणाले तर तिथेच यादीतून नाव खोडा.

आत गेल्यावर जिममधल्या मशिनी शेवटी बघा. आधी व्हीलचेअरवर बसलेल्यांच्या पायांकडे बघा. पाय फूटरेस्टवर टेकलेत की लोंबकळतायत? ब्रेक लावलेत का? खाली उशी आहे की नुसतं रेक्झिन? मग बेडच्या पायथ्याशी अडकवलेला कूस बदलल्याचा तक्ता हातात घ्या. ज्याला स्वतःहून हलता येत नाही त्याची कूस साधारण दर 2 तासांनी बदलायची असते, आणि प्रत्येक वेळी वेळ, बाजू आणि सही लिहायची असते. खरा तक्ता ओबडधोबड असतो: 2:10, 4:25, 6:05, वेगवेगळी अक्षरं, वेगवेगळी शाई, मध्येच 'फिजिओला गेले' अशी नोंद. 2, 4, 6, 8 असे नेमके आकडे, एकाच पेनाने, एकाच अक्षरात, आणि दुपारी एक वाजता रात्री दहापर्यंतच्या बरोबरच्या खुणा तयार असतील, तर कूस बदलली जात नाही, फक्त तक्ता भरला जातो.

बेडसोअरची, म्हणजे पडून राहून दाबाने होणाऱ्या जखमेची, सुरुवात घरच्यांनी ओळखायला शिकलीच पाहिजे. कमरेखालचं माकडहाड, टाचा, खुब्याच्या बाजू, डोक्याची मागची बाजू ही ठिकाणं रोज बघायची. लाल झालेली जागा बोटाने दाबून सोडली की क्षणभर पांढरी पडून पुन्हा लाल होते. ती दाबूनही तशीच राहिली तर आत इजा सुरू झाली आहे. पण आपल्याकडे सावळ्या, काळ्या कातडीवर लाली दिसतच नाही, आणि "काही लाल नाही" म्हणत चार दिवस निघून जातात. तिथे हाताच्या पाठीने स्पर्श करून बघा: शेजारच्या कातडीपेक्षा ती जागा गरम किंवा गार, कडक किंवा पिळपिळीत लागते का, रंग जांभळट किंवा जास्त काळपट वाटतो का. टाच सुटी ठेवायला पोटरीखाली उशी हवी, टाचेखाली नव्हे. हवेची गादी असली तरी कूस बदलावीच लागते. "एअर बेड आहे, काळजी नको" हे वाक्य ऐकलं की जास्त काळजी करा. दिवसभर व्हीलचेअरवर बसणाऱ्यालाही दर 15 ते 30 मिनिटांनी बूड उचलून किंवा पुढे-बाजूला झुकून दाब कमी करावा लागतो.

रात्रीच्या फेरीत तीन गोष्टी विचारा. ड्यूटीवर डॉक्टर कोण आणि तो इमारतीत असतो की फोनवर? नर्स किती पेशंटमागे एक? आणि ज्या मावशी नि मामा पेशंटजवळ असतात ते सेंटरचे की ब्युरोचे, म्हणजे माणसं पुरवणाऱ्या एजन्सीचे? ब्युरोची माणसं दर काही दिवसांनी बदलतात. चांगली असतात, कष्टाळू असतात, पण कालच्या मावशींना शिकवलेलं आजच्या मावशींना माहीत नसतं. पक्षाघाताच्या पेशंटला कमकुवत हाताला धरून ओढून उठवलं की खांदा निखळू शकतो, आणि मग महिनोन् महिने दुखतो. हे काम नेहमी नव्या माणसाकडूनच होतं, आणि तेही चांगल्या हेतूने. सेंटरने बेडच्या मागे 'उजव्या खांद्याला ओढू नये, कमरेच्या पट्ट्याला धरून उठवावे' असं मोठ्या मराठी अक्षरांत लावलं असेल तर तिथे कोणीतरी विचार करतंय.

झोपेच्या गोळ्यांविषयी संकोच न करता विचारा. डोक्याला मार लागलेले पेशंट रात्री ओरडतात, नळ्या ओढतात. काहींना औषध लागतंही. पण वॉर्ड शांत राहावा म्हणून सरसकट गुंगी दिली तर पेशंट सकाळच्या थेरपीत डोळे उघडत नाही आणि गिळताना ठसका लागण्याचा धोका वाढतो. औषधाच्या तक्त्यात कोणती नवी गोळी आली, कोणी लिहिली, कशासाठी, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. डायपरचंही तसंच. ज्याला लघवीची जाणीव आहे त्याला दर दोन-तीन तासांनी कमोडवर बसवणं हीसुद्धा थेरपीच आहे. पडण्याचे प्रसंग बहुधा रात्री बाथरूमला जाताना होतात, बेल हाताला लागत नाही आणि माणूस एकटाच उठतो. बेडजवळची बेल दाबून बघा आणि कोण किती वेळात येतं ते घड्याळ लावून मोजा.

आता आजारांप्रमाणे थोडं. पक्षाघातात गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडावाटे काही देऊ नये. भरवताना पेशंट ताठ बसलेला हवा, जेवल्यावर अर्धा तास तरी आडवा करू नये. नाकातली नळी असेल तर ती काढण्याचा बेत काय आणि तो कोण ठरवणार, हे पहिल्याच दिवशी विचारा. स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून एकदा येत असेल तर नळी उगाच महिनाभर राहते. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यात वेगाने होते, म्हणून हे दिवस वाया घालवायचे नसतात. जीबीएसमध्ये उलटं भान हवं: थकेपर्यंत व्यायाम करवला तर ताकद आणखी खालावते, त्यामुळे थोडं थोडं, विश्रांती देत.

मणक्याच्या इजेसाठी सेंटर बघत असाल तर एकच प्रश्न विचारून बरंच कळतं: "छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असलेल्या पेशंटचं बीपी अचानक चढलं, डोकं ठणकतंय, चेहऱ्याला घाम सुटलाय, तर तुम्ही आधी काय करता?" बरोबर उत्तर तिथल्या नर्सच्या तोंडी असायला हवं: ताठ बसवायचं, कपडे-पट्टे सैल करायचे, लघवीची नळी कुठे दुमडली किंवा तुंबली आहे का बघायचं, मग शौच साठलंय का, आणि या काळात बीपी दर काही मिनिटांनी मोजत राहायचं. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात, आणि वेळेत ओळखला नाही तर जिवावर बेततं. "बीपीची गोळी देतो" एवढंच उत्तर आलं तर ती जागा मणक्याच्या पेशंटसाठी नाही. कायमची नळी ठेवण्याऐवजी दर 4 ते 6 तासांनी स्वच्छ कॅथेटरने लघवी काढायला पेशंटला किंवा घरच्यांना शिकवतात का, तेही बघा. एका वेळी निघणारी लघवी 500 मिलिलिटरच्या आत राहायला हवी. पुण्याला ही विद्या नवी नाही. मणक्याला इजा झालेल्या जवानांसाठीचं खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर 1974 पासून आहे, आणि पाय गमावलेल्यांसाठी लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र 1944 पासून. पाय कापलेल्या पेशंटच्या सेंटरमध्ये बघायची गोष्ट अगदी साधी: गुडघ्याखालून कापलेल्या पायाखाली उशी ठेवली आहे का? ठेवली असेल तर गुडघा वाकलेलाच आखडतो आणि पुढे जयपूर फूट असो की महागडा पाय, बसत नाही. पेशंटला रोज काही वेळ पालथं झोपवायला हवं.

हाडांच्या पेशंटमध्ये घोळ होतो तो वजनावरून. डिस्चार्ज कार्डावर 'पार्शल वेट बेअरिंग' (पायावर थोडंच वजन टाकायचं) लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ सर्जन, फिजिओ आणि मावशी तिघांच्या डोक्यात वेगळा. सर्जनकडून टक्के लिहून घ्या. 60 किलोच्या माणसाला 30 टक्के म्हणजे 18 किलो. घरातला वजनकाटा जमिनीवर ठेवा, दुसरा पाय तेवढ्याच उंचीच्या फळीवर, वॉकरला धरून ऑपरेशनचा पाय काट्यावर हळूहळू दाबा, काटा 18 वर आला की थांबा. आठ-दहा वेळा केलं की पायालाच तो दाब कळायला लागतो. चांगला फिजिओ हे पहिल्या दोन दिवसांत करून घेतो. खुबा मागच्या बाजूने उघडून बदलला असेल तर मांडी 90 अंशांपेक्षा जास्त वाकवायची नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाय आत वळवायचा नाही. त्यामुळे कमोड आणि खुर्ची उंच लागते. सेंटरमधला कमोड बुटका असेल तर त्यांना हे ऑपरेशन नेहमीचं नाही. ही बंधनं किती आठवडे, तेही सर्जनकडूनच लिहून आणा.

हॉस्पिटल सोडताना कागदांची पिशवी पूर्ण घ्या: डिस्चार्ज समरी, ऑपरेशन नोट, कोणती धातूची पट्टी किंवा इम्प्लांट बसवलं त्याचे स्टिकर, एक्स-रे आणि एमआरआयची सीडी, शेवटचे रक्ताचे आणि कल्चरचे रिपोर्ट, टाके कधी काढायचे, रक्त पातळ करायचं औषध कधीपर्यंत, लघवीची आणि नाकातली नळी कोणत्या तारखेला घातली. शेवटची ही तारीख हमखास राहते आणि मग जुनी नळी तशीच पडून इन्फेक्शन होतं.

पैशांचं आधी बोला. बहुतेक आरोग्य विम्यांत 'रेस्ट क्युअर, रिहॅबिलिटेशन अँड रेस्पाइट केअर' असा वगळलेल्या गोष्टींचा कलम असतो, संकेतांक Excl05. शिवाय पॉलिसीतली 'हॉस्पिटल'ची व्याख्या 10 लाखांहून जास्त वस्तीच्या शहरात किमान 15 बेड आणि ऑपरेशन थिएटर मागते, आणि स्वतंत्र रिहॅब सेंटरमध्ये थिएटर बहुधा नसतंच. "कॅशलेस होऊन जाईल" या तोंडी आश्वासनावर जाऊ नका, टीपीएकडून (विमा कंपनीसाठी दावे हाताळणारी संस्था) ई-मेलवर उत्तर घ्या. मात्र डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांचा खर्च पॉलिसीत असतो, बऱ्याचदा 60 किंवा 90 दिवस, त्यात सर्जनच्या चिठ्ठीवर फिजिओचं बिल बसतं का ते विचारा. पॅकेजमध्ये काय नाही याची यादी घ्या: डायपर, हातमोजे, ड्रेसिंग, हवेची गादी, ऑक्सिजन, वेगळा मामा किंवा मावशी, बाहेरच्या डॉक्टरांची व्हिजिट. मग आठवड्याचं सगळं बिल मिळणाऱ्या खऱ्या थेरपी-तासांनी भागा. स्वस्त दिसणारं सेंटर या हिशेबात पुष्कळदा महाग निघतं. अनामत किती दिवसांत परत, मधेच हलवलं तर किती कापणार, हेही लेखी. ऐपत नसेल तर धर्मादाय रुग्णालयात 10 टक्के बेड निर्धन आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. तिथेच मुक्काम वाढवून थेरपी मिळेल का, हे तिथल्या समाजसेवा विभागाला भेटून विचारा.

कागदपत्रं तपासताना शुश्रूषागृह नोंदणीचं प्रमाणपत्र बघा. ते दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे, आणि मुदत संपलेली नसावी. फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंदणी राज्याच्या त्यांच्या परिषदेकडे असते, स्पीच थेरपिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडे. नंबर विचारायला लाजू नका. रात्री तब्येत बिघडली तर कोणत्या हॉस्पिटलला नेतात, ॲम्ब्युलन्स दारात आहे की 108 ला फोन, तेही ऐकून घ्या.

जागा निवडताना घरातला जो माणूस रोज जाणार त्याच्या रस्त्याचा विचार करा. धायरीत राहणाऱ्यांनी वाघोलीचं सुंदर हिरवळीचं सेंटर घेतलं तर चौथ्या दिवसापासून भेटी विरळ होतात. ज्या पेशंटकडे रोज कोणी येतं त्याचे तक्ते बरोबर भरले जातात, हे कोणत्याही वॉर्डात दिसेल.

दाखल झाल्यावर पहिल्या आठवड्यात ध्येय लिहून घ्या, आणि ते तुमच्या घराच्या मापाचं असू द्या. 'चालायला लागतील' हे ध्येय नव्हे. 'एका माणसाच्या आधाराने बेडवरून खुर्चीत', 'कठडा धरून 18 पायऱ्या', 'बाथरूमचा चार इंची उंबरठा ओलांडणं', 'डाव्या हाताने भात-आमटी जेवणं', ही ध्येयं. बार्थेल नावाची 100 गुणांची साधी मोजपट्टी आहे: जेवण, अंघोळ, कपडे, संडास, जिना अशी दहा कामं. पहिल्या दिवशीचे गुण आणि दर शनिवारचे गुण मागा. दोन आठवडे आकडा हलला नाही तर बैठक मागा आणि बेत बदलायला सांगा. दरम्यान टेप घेऊन घर मोजा. जुन्या इमारतीत बाथरूमचं दार अनेकदा दोन-सव्वादोन फुटांचं असतं आणि साधारण 65 सेंटिमीटरची व्हीलचेअर त्यातून जात नाही किंवा जेमतेम घासून जाते. उतार करायचा असेल तर 1 फूट उंचीला 12 फूट लांबी धरा. मोबाइलवर घराचा व्हिडिओ काढून ऑक्युपेशनल थेरपिस्टला दाखवा.

शेवटच्या आठवड्यात घरातल्या एकाने तरी उठवणं, कमोडवर बसवणं, अंघोळ, नळीची काळजी, कूस बदलणं स्वतःच्या हाताने, थेरपिस्टच्या समोर, किमान तीन-तीनदा केलेलं असावं. नुसतं बघून येत नाही. मग सर्जनची आणि सेंटरची हरकत नसेल तर शनिवारी पेशंटला एका रात्रीसाठी घरी आणा. रात्री तीनला बाथरूमला जाताना काय अडलं, गादी बुटकी पडली का, कठडा डाव्या बाजूला हवा होता का, हे वहीत लिहा आणि रविवारी संध्याकाळी ती वही थेरपिस्टच्या हातात द्या. सोमवारपासूनचं वेळापत्रक त्यावरून बनवायला सांगा.